उलटे आटे

फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात, पुतण्याच्या लग्नाच्या मांडवात, आचाऱ्याशी हुज्जत घालत होतो. फोन भानूचा होता. भानू म्हणजे वेंकट रावांची मुलगी. चेन्नईला असते, मराठी सगळी समजते, पण बोलायची वेळ आली की तमिळमध्ये शिरते. त्या दिवशी मात्र ती सलग मराठीत बोलली. "काका, अप्पा गेले. सकाळी लेथवर होते. काम संपवलं, लेथ पुसला, तेल लावलं, हात धुतले. अम्माला म्हणाले, कापी होणां... अम्मा कापी घेऊन गेली तर..." तंजावूरच्या मराठीत 'होणां' म्हणजे हवं. कॉफी हवी म्हणाले आणि ती यायच्या आत गेले. मी तिथेच एका खुर्चीवर बसलो. पहिला विचार आला तो असा की, या माणसाने जातानासुद्धा यंत्र पुसून ठेवलं. दुसरा विचार आला, आता मी सांगू कोणाला? त्या दुसऱ्या विचारासाठीच हा लेख लिहितो आहे. पण तिथवर जायला जरा वेळ लागेल, कारण वेंकट रावांच्या बाबतीत कुठलीच गोष्ट घाईने झालेली नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. तंजावूरच्या एका तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवायला गेलो आणि तिथलाच झालो. मराठी बोलणारा एक मास्तर आला आहे असं गावात कळलं, तसे एक दिवस वेंकट राव माझ्यापुढे येऊन उभे राहिले. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, कपाळाला गोपीचंदन, पांढरी वेष्टी आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. तीनशे वर्षांपूर्वी यांचं घराणं भोसल्यांबरोबर इकडे आलेलं. मराठी घरात टिकली, पण देवनागरी कधीच सुटली. मला वाटलं, टॉवेलात देवाचा प्रसाद असेल. निघालं गंजलेलं दातेरी चाक. ओरत्तनाडूच्या एका बंद पडलेल्या पट्टरैमधून, म्हणजे लोखंडकामाच्या कारखान्यातून, त्यांनी लोखंड कातायचा, पट्ट्यावर चालणारा जुना विलायती लेथ उचलून आणला होता आणि परसातल्या गोठ्यात ठेवला होता. मी संध्याकाळी जाऊन बघितला. बेड, म्हणजे खालचा लांब पाट, गंजाने खडबडीत, चार चाकांचे दात पडलेले, नावाची पाटी पार झिजलेली. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे पोरं चालायला लागली की लेथवर जातात. स्पष्ट सांगून टाकलं, "राव, हे भंगार आहे." ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "सार, भंगार म्हणजे जे कोणाला नक्को ते. हे मला होणां अहे. मग भंगार कसं?" मी बाही वर सारली आणि दुसऱ्या टोकाने गंज घासायला बसलो.

त्या लेथला उभं करायला त्यांना तीन वर्षं लागली. रोज पहाटे आंघोळ झाल्यावर आणि कचेरीला जायच्या आधी एक तास, त्याहून जास्त नाही. बेड सपाट करायची त्यांची रीत जुनी. अचूक सपाट केलेल्या पट्टीला निळा रंग लावायचा, ती बेडवर फिरवायची, जिथे निळं लागेल तो उंचवटा, आणि तेवढाच हाताने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा पट्टी, पुन्हा खरवड. हे शेकडो वेळा. मी म्हणायचो, तिरुचीला ग्राइंडिंगला देऊ, एका दिवसाचं काम. ते हसून म्हणायचे, "दिलं तर एका दिवसात होईल सार. पण मग उद्या सकाळी मी काय करू?" हाताची पाठ, नखं, कधीकधी गोपीचंदनसुद्धा निळं झालेलं असायचं. कचेरीत लोक विचारायचे, राव, कृष्णाचा अवतार घेतला का? दात पडलेली चाकं त्यांनी एकेक करून भरून घेतली आणि प्रत्येकावर तमिळमध्ये आकडा घातला. लेथ पहिल्यांदा फिरला त्या दिवशी त्यांच्या पत्नी रुक्मावहिनींनी यंत्राला कुंकू लावलं. मी टाळ्या वाजवल्या आणि लगेच खोटही काढली, कारण लेथ थरथरत होता. मुख्य दांडा ज्या गनमेटलच्या, म्हणजे तांब्या-कथलाच्या, बुशमध्ये फिरतो तो बुश झिजला होता. त्यामुळे कातलेल्या प्रत्येक वस्तूवर बारीक लहरी उठायच्या, बोटाला लागतील न लागतील इतक्या. वेंकट रावांना ते माहीत होतं. स्वामीमलैला त्यांचे एक मित्र होते, मूर्ती ओतणारे. एकदा भट्टी पेटलेली असताना त्यांनी रावांसाठी गनमेटलचा एक सुरेख ठोकळा ओतून दिला. तो खिडकीत, धुतलेल्या फडक्यात ठेवलेला असे. "आडी महिना सरू द्या, मग कापतो," असं राव म्हणत. चांगल्या कामाला आडी, म्हणजे साधारण आपला आषाढ, नको, हा तिकडचा नेमच आहे.

त्याच आडी महिन्यात तिरुवैयारूच्या पलीकडच्या एका गावातून दोघे जण आले. कालव्याच्या फाटकाचा, म्हणजे ते लोखंडी दार वर-खाली करणाऱ्या स्क्रूचा, नट निकामी झाला होता. आटे झिजून आतून गुळगुळीत झालेला. कावेरीचं पाणी सुटलं होतं, पाच-सहा दिवसांत कालव्याला येणार होतं आणि दार उघडलं नाही तर शेवटच्या टोकाच्या शेतांना लावणीचं पाणी मिळणार नव्हतं. खात्याकडून नवा नट यायला पावसाळा संपला असता. नव्या नटासाठी गनमेटलचा एकच ठोकळा त्यांनी कुंभकोणमहून मिळवून आणला होता. वेंकट रावांना कचेरीतून निघता येईना, म्हणून माप घ्यायला मी गेलो. स्क्रूला वर्षानुवर्षांचं ग्रीस. मी पातळ कागद गुंडाळला, पेन्सिल घासून आट्यांचा ठसा घेतला, कॅलिपरने मापं टिपली आणि ऐटीत परतलो. ग्रीसने कागद आरपार दिसत होता. रावांनी तो बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "सार, आटे सुलटे की उलटे?" मी कागदाकडे नजर टाकली आणि म्हणालो, "सुलटे! कोल्हापूरच्या माणसाला हे विचारता?"

रविवारी त्यांनी नट कापला. काय काम! त्या थरथरत्या लेथवर इतके स्वच्छ चौकोनी आटे दुसऱ्या कोणाला कापता आले नसते, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. सोमवारी आम्ही दोघे गावकऱ्यांबरोबर फाटकावर गेलो. नट स्क्रूवर ठेवला, फिरवला... अर्धा फेराही जाईना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही फाटकं नळासारखी उजवीकडे फिरवली की बंद व्हावीत म्हणून जुन्या लोकांनी स्क्रूला उलटे आटे ठेवले होते. आणि मी तो कागद मागच्या बाजूने वाचला होता. आरपार दिसणाऱ्या कागदावर उलट्याचं सुलटं होतं, एवढी साधी गोष्ट. पंचवीस वर्षं हेच शिकवलं होतं मी! फाटकावर पन्नासेक माणसं होती, आणि त्यांच्यात खात्याचा एक इंजिनिअर, माझा जुना विद्यार्थी, हात जोडून उभा. मी तोंड उघडायच्या आत वेंकट राव सगळ्यांना तमिळमध्ये म्हणाले, "चूक माझी. मीच उलटं-सुलटं केलं. परवा दुसरा आणतो." कोणीतरी मागून म्हणालं, क्लार्क माणसाने टाइप करावं. चार जण हसले. मी मूग गिळून गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरी आल्यावर त्यांनी खिडकीतला ठोकळा उचलला. फडकं सोडलं, घडी घालून बाजूला ठेवलं. मी म्हणालो, "राव, तो लेथच्या बुशचा आहे." ते म्हणाले, "पाणी थांबणार नाही सार. लेथ थांबेल." आडी महिना, नेम, सगळं बाजूला ठेवून त्यांनी चाकांच्या मध्ये एक जास्तीचं चाक घातलं, म्हणजे आटे उलट्या दिशेने पडतात, आणि कापायला सुरुवात केली. बुधवारी नट बसला. गुरुवारी पाणी आलं. दार वर चढलं तेव्हा त्या गावच्या बायकांनी पाण्यात फुलं सोडली. राव कुठे होते म्हणाल तर कचेरीत, रजा शिल्लक नव्हती म्हणून.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, निदान महिन्याने. नाही बोललो. त्याऐवजी पुढच्या सुट्टीत कोल्हापूरहून गनमेटलचा एक बुश ओतून आणला, कच्चा, माप थोडं मोठं ठेवून, आणि रावांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन वजन बघितलं. "हा कशाला, सार?" मी म्हणालो, "सुम्मा." सुम्मा म्हणजे तिकडे असंच, उगीच. ते हसले आणि म्हणाले, "कशाला आणला ते सांगा, मग बसवतो." त्यांना सगळं माहीत होतं. प्रश्न त्यांनीच विचारला होता आणि उत्तर मीच दिलं होतं. माहीत नसायला काय झालं? बुश कपाटात गेला.

त्यानंतर नऊ वर्षं हा आमचा खेळ चालला. ते निवृत्त झाले, मी निवृत्त झालो. संध्याकाळी मी गोठ्यात जाऊन बसायचो. त्यांनी त्या लेथवर काय काय केलं! देवळातल्या दिव्यांचे दांडे, इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरचे शाफ्ट, एका वीणावाल्याला खुंट्या पिळायचं हत्यार. प्रत्येक वस्तू झाली की माझ्यासमोर धरायचे. "सार, हात लावून बघा. थरथर अहे." मी म्हणायचो, "मग बुश बसवा की." ते म्हणायचे, "कशाला आणला, सांगा की." आम्ही दोघे हसायचो आणि कॉफी यायची. लोकांना वाटायचं, काय ही म्हाताऱ्यांची थट्टा. थट्टाच होती. पण रोज घरी जाताना मी ठरवायचो, उद्या सांगू. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ. लहरी जाव्यात म्हणून ते शेवटचा काप अगदी हलका घ्यायचे, श्वास धरून. माझ्या एका शब्दासाठी त्या माणसाने नऊ वर्षं श्वास धरून काम केलं, हे लिहितानासुद्धा मला माझा राग येतो.

दिवसवार झाल्यावर मी गेलो. भानू अजून थांबली होती. रुक्मावहिनी गोठ्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "वहिनी, त्या नटाची चूक माझी होती. कागद मी उलटा वाचला. रावांनी माझ्यासाठी बोलणी खाल्ली." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माहीत अहे सार. ते कधीच रागावले नाहीत. म्हणायचे, सार मोठा माणूस अहे, मोठ्या माणसाला वेळ लागते." मग उठल्या आणि कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आता बसवा."

बुश वरच्याच खणात होता, तेलकट कागदात गुंडाळलेला. कागद सोडला आणि मी जागच्या जागी थबकलो. मी दिलेला तो कच्चा, जाड बुश नव्हताच हा. बाहेरून मापात कातलेला, आतून खरवडून निळ्या ठिपक्यांनी तपासलेला, तेलाची खाच कोरलेली, कडांची धार मोडून गुळगुळीत केलेली. कडेला चाकांवर होता तसाच तमिळमध्ये पुढचा आकडा. कागदही जुना होऊन चुरत होता, म्हणजे हे काम आजकालचं नव्हतं. बहुधा मी आणून दिला त्याच महिन्यात त्यांनी तो पूर्ण करून ठेवला होता. मी दांडा सोडवला, जुना बुश काढला. नवा जागेवर धरून अंगठ्याने ढकलला. निम्मा आपणहून गेला. उरलेल्यासाठी लाकडाचा ठोकळा ठेवून दोन हलके घाव पुरले. कुठे घासावं लागलं नाही, कुठे काही कमी-जास्त नव्हतं. त्यांच्या वाट्याचं सगळं काम त्यांनी कधीच उरकलं होतं. भानूने पट्टा चढवला आणि बटण दाबलं. लेथ फिरायला लागला, मी बेडवर हात ठेवला... आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा हाताला काहीच लागलं नाही.