दोन कंपन्यांच्या डिस्क

गजभिये मशीनला आधी हात लावत नसत, कान लावत. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाशी, टोक संगणकाच्या डब्यावर, डोळे मिटलेले. मिनिटभराने म्हणत, “थकली बिचारी. पण चालून राहिली ना? मंग उघडू नका.”

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नागपुरात धंतोलीत आमचं छोटंसं सर्वेक्षण कार्यालय होतं. पारशिवनीकडे धरणाच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, त्या कुटुंबांची यादी आम्ही करत होतो. अख्ख्या ऑफिसात एक संगणक, आणि तो सांभाळणारे एक गजभिये. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता इंदोऱ्याहून सायकल हाणत दहा ऑफिसांत फिरत. आले की पंख्याखाली बसून आधी पाणी मागत.

यादी वाढली, हार्ड डिस्क भरली. दुसरी मागवली, ती नेमकी दुसऱ्या कंपनीची आली. गजभियेंनी ती उलटसुलट करून पाहिली. एका संगणकात दोन डिस्क बसवताना थोरली कोण नि धाकटी कोण, हे एका बारक्या पिनेने ठरवावं लागे. “एक कंपनी थोरलीले पिन लावते, दुसरी काढून घेते,” ते म्हणाले. “दोघीही थोरल्या झाल्या तं मशीनचं डोकं फिरते. जमते का नाही, पाहा लागते.” म्हणून नवी डिस्क आधी आठ दिवस एकटीच चालवायची आणि मगच जोडायची, ही त्यांची रीत.

आठ दिवस थांबायला मला कुठला धीर! ते रामटेकला मेहुण्याच्या घरी लग्नाला गेले, त्या दिवशी मीच डबा उघडला. जुन्या कंपनीच्या रीतीने नव्या डिस्कची पिन लावली आणि मशीनने धाकटी दाखवली ती नवी समजून फॉरमॅट केली. काम संपल्यावर कळलं, नवीच थोरली होऊन बसली होती, कोरी झाली ती जुनी. चौदा महिन्यांची यादी गेली होती.

गजभिये परतले. पिन पाहिली, माझ्याकडे पाहिलं. आता चांगलीच खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली. तेवढ्यात साहेब आले, आणि मी तोंड उघडायच्या आत गजभिये बोलून गेले, “माह्या हातून झालं, साहेब. पिन मीच चुकीची लावून गेलो.” साहेब पाय आपटत निघून गेल्यावर मला म्हणाले, “तुमची नोकरी कच्ची हाये भाऊ, घरी बाई पोटुशी हाये. माह्याजवळ दहा ऑफिसं हायेत. एक गेलं तं गेलं.”

मी गप्प बसलो. मनातून सुटल्यासारखंही वाटलं. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

कागदी फॉर्म होते म्हणून यादी पुन्हा टाइप झाली, पण ती कुटुंबं आणखी पाच महिने ताटकळली. आणि नागपुरात तेव्हा संगणकवाली ऑफिसं ती किती! गजभियेंनी डिस्क घालवली, ही बातमी वर्षभरात दहाही ठिकाणी पोचली. एकेकाने त्यांना बोलावणं सोडलं.

मी इंदोऱ्याला गेलो. ते दारातच एका उघड्या रेडिओला कान लावून बसले होते. “सगळ्यांना पत्रं लिहितो, खरं सांगून टाकतो,” मी म्हणालो.

“आता काहून?” ते थकलेल्या आवाजात म्हणाले. “तुम्ही पक्के झाले, पोरगी चालाले लागली. चालून राहिलं ना? मंग उघडू नका.” त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी उघडलं नाही. त्यांचा शब्द पाळला, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे ते माझ्या सोयीचं होतं.

मागच्या महिन्यात गजभिये गेल्याचं कळलं. त्याच दारात त्यांच्या बायकोसमोर बसलो, आणि एकदाचं बोललो, “वहिनी, ती पिन मी लावली होती.”

“मले त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं,” ती म्हणाली. “तुम्ही कधी सांगता, याचीच वाट पाहून राहिली होती मी.”