गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी

दादाने ती गाडी चंद्रपूरहून सेकंडहँड आणली तेव्हाच ती जुनी होती. पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी. मागची सीट काढून तिथे तो रेडीमेड कपड्यांचे गठ्ठे भरायचा आणि आठवडी बाजार करायचा. आज चामोर्शी, उद्या आरमोरी, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत. वहिनी पुढच्या सीटवर मांडीवर लहान मुलांच्या कपड्यांची पेटी घेऊन बसायची.

गाडीचं काही ना काही निघायचंच. ओझ्याने क्लच प्लेट लवकर झिजायची. धानाच्या कोठीतले उंदीर बोनेटमध्ये शिरून वायर कुरतडायचे. खनिजाच्या ट्रकांनी आमचा रस्ता पार उखडून टाकला होता, त्यामुळे शॉकअप आणि खालचे रबर वर्षभरसुद्धा टिकत नसत. सेल्फ लागला नाही की मी आणि वहिनी मागून धक्का मारायचो. दादा कुरकुर करत नसे. मिस्त्रीकडे जाऊन बसायचा, काय बदललं ते बघायचा आणि दोघं मिळून चहा प्यायचे. मिस्त्रीचं गॅरेज गावाबाहेर होतं. त्याच्याशी बोलणं, सामान आणणं, भाव ठरवणं, सगळं दादाच करायचा.

मग दादाच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं, तेही गडचिरोलीला. बाजार बंद झाले. वहिनीने घराच्या पडवीतच कपडे मांडले. मी गावातल्या शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही, दादाच्याच घरी राहते. त्याचे हात थरथरायला लागले म्हणून मी गाडी शिकले. त्यानेच शिकवली. मागची सीट पुन्हा बसवली, म्हणजे येताना त्याला आडवं होता येईल.

जाताना तो शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकत राहायचा. "आता तिसऱ्यात टाक," म्हणायचा. किंवा, "उजव्या चाकातून आवाज येऊन राह्यला, मिस्त्रीले सांगतो."

पाऊस संपल्यावरची गोष्ट. गडचिरोलीहून परत येताना बोनेटमधून वाफ निघाली आणि गाडी बंद पडली. दादा मागे झोपला होता. ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं. मी गाडीतलं सगळं पाणी रेडिएटरसाठी काढलं, पण तो एवढा तापला होता की झाकणाला हात लावता येत नव्हता. शेवटी खताची पोती घेऊन जाणाऱ्या एका पिकअपवाल्याने आम्हाला घरी सोडलं. पोत्यांना टेकून बसलेल्या दादाने डोळे मिटून घेतले होते.

मिस्त्रीने गाडी ओढून नेली. हेड गॅस्केट गेलं होतं, हेड वाकलं होतं, रेडिएटरही बदलावा लागणार होता. त्याने सांगितलेला खर्च गाडी विकून आले असते त्या पैशांहून जास्त होता. वहिनी लगेच म्हणाली, करा. मीही करा म्हटलं. दादा भिंतीला टेकून बसला होता. तो उठून आतल्या खोलीत गेला. आम्हाला वाटलं, त्याला खर्चाचं वाईट वाटतंय.

इंजिनाचं हेड दुरुस्तीला नागपूरला गेलं. पहिल्या फेरीला आम्ही एसटीने गेलो. उभे राहिलेले लोक, धक्के, आणि येताना दादाला उलट्या झाल्या. पुढच्या वेळी तो म्हणाला, गाडी आली की जाऊ, दोनेक दिवसांचा प्रश्न आहे. मी शेजाऱ्यांची गाडी विचारते म्हटलं, तर चिडला. रोज मोबाइलवर मिस्त्रीशी बोलायचा आणि आम्हाला सांगायचा, सामान आलं नाही. एक फेरी चुकली. मग दुसरीही चुकली. त्याचे पाय सुजले, चेहरा फुगला, झोपलं की श्वास लागायचा म्हणून उशीला टेकून बसून राहायचा. वहिनी मिस्त्रीला शिव्या घालायला लागली.

त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत शाळेतून तडक गॅरेजवर गेले. गाडी मोहाच्या झाडाखाली उभी होती. पुसलेली, बोनेट बंद. मिस्त्री दुसऱ्या गाडीखालून बाहेर आला आणि मला बघून गडबडला.

"बाई, गाडी तर सोमवारीच झाली," तो म्हणाला. "भाऊनंच सांगतलं, घरी सांगू नको, आठ-पंधरा दिवस राहू दे. मले वाटलं पैशाची अडचण असन. म्हणून मी बी घाई नाई केली."

मी चावी घेतली आणि गाडी घरी आणली. इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं.

वहिनी पडवीत गिऱ्हाइकाजवळ होती. दादा आतल्या खोलीत होता. गाडीचा आवाज त्याने ऐकलाच होता. मी दार लोटलं आणि विचारलं, काऊन केलं असं?

तो उशीला टेकून सरळ बसला आणि म्हणाला, "मले जायचंच नाई तिथी. त्या सुया, ते चार-चार तास, येऊन पुन्हा दोन दिवस झोपणं. तुमच्या दोघींसमोर नाई म्हणता येत नव्हतं. म्हणून गाडीचं नाव सांगतलं."

मी म्हटलं, "वहिनीले तू सांग मग."

त्याने मान हलवली. नाही.

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. पण त्याचे ओठ निळे पडले होते. मी त्याला उठवलं. त्यानेही विरोध केला नाही. वहिनीला गाडी आजच झाली एवढंच सांगून मी तशीच गाडी गडचिरोलीला नेली. तिथल्या डॉक्टरने मला सगळ्यांसमोर झापलं, घरचे लोक काय करत होते म्हणून. दादा खाटेवर पडून छताकडे बघत होता.

त्यानंतर तो दर वेळी आला. नाही म्हणाला नाही. फक्त गाडीत बोलणं बंद झालं. पुढच्या चाकातून खडखड यायची, मी त्याच्याकडे बघायचे, तो खिडकीबाहेर. थंडी संपता संपता तो दवाखान्यातच गेला. बुद्धविहारातल्या लोकांनी अंत्यविधीचं सगळं केलं.

वहिनीच्या मनात एकच बसलं होतं. मिस्त्रीने गाडी वेळेवर दिली असती तर ते दोन डायलिसिस चुकले नसते, आणि मग दादा एवढा खचला नसता. जो भेटायला येई त्याला ती हेच सांगायची. मिस्त्री तिसऱ्या दिवशी दारात आला, तर ती आत निघून गेली. तो पायरीवरूनच परत गेला. बाजारात लोक त्याला विचारायला लागले होते. तो कुणालाच खरं सांगत नव्हता.

मला ते बघवेना. एका दुपारी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. गॅरेजमधली गाडी, दादाचे शब्द, जसेच्या तसे.

ती घड्या घालत राहिली. मग थांबून तिने विचारलं, "हे त्याहिनं तुले सांगतलं?"

मी हो म्हटलं.

"मले नाई सांगतलं," ती म्हणाली. मिस्त्रीबद्दल ती त्यानंतर कधीच काही बोलली नाही, चांगलं ना वाईट.

बाजार तिने पुन्हा सुरू केले आहेत. एसटीने जाते, दोन गठ्ठे घेऊन. मी सुट्टीच्या दिवशी गाडी काढते म्हटलं तर म्हणते, राहू दे. गाडी अंगणात असते. बॅटरी उतरली आहे. कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसतात.