ड्रायव्हरच्या उजवीकडची जागा

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी वाशीमच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात बुद्धवंदना होते आणि भुताखेतांचं नाव काढलं तर वडील जेवता जेवता उठवायचे. या सदरातले अनुभव मी वाचायचे ते दुपारी करमणूक म्हणून. आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर घरचे हसतायत... हसू देत.

गोष्ट फाल्गुनातली. जुन्या गाड्यांची एक रॅली निघाली होती, लोणार ते चंद्रपूर. सगळा हौशी लोकांचा उद्योग. नियम एकच कडक — समृद्धी महामार्गाला चाक लावायचं नाही, जायचं ते जुन्याच रस्त्यांनी. लोकांनी आजोबांच्या मोटारी घासूनपुसून आणल्या होत्या. आणि आम्ही डी.एड.च्या तीन मैत्रिणी — मी, ज्योती आणि वैशाली — आलो होतो एका खटारा काळी-पिवळीतून.

काळी-पिवळी म्हणजे फाट्याफाट्यावर माणसं भरत जाणारी जीप. गाडी गच्च भरली की ड्रायव्हर आपल्या उजव्या हातालाही एक माणूस बसवतो आणि स्वतः डावीकडं सरकून, तिरका होऊन गाडी हाकतो. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं तर खोटं वाटतं. आमच्याकडं रोजचंच आहे.

ही गाडी वैशालीच्या वडिलांची. अण्णा केनवडचे, शेती सांभाळून जन्मभर केनवड ते आमच्या वाशीमकडचं मालेगाव अशा फेऱ्या मारल्या त्यांनी. वैशालीनं जातीबाहेर लग्न केलं, तेही माझ्या मामेभावाशी, आणि अण्णांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. पुढं तिनं स्वतःची कार घेतली. मोठ्या हौसेनं केनवडला दारापुढं नेऊन उभी केली आणि म्हणाली, अण्णा, चला एक चक्कर मारू. अण्णा उंबऱ्यातूनच म्हणाले, "तुह्या गाडीत मी बसनार नाही." आणि आत गेले. त्यानंतर बापलेकीत एक शब्द नाही... अण्णा वारले तोवर. भाऊ जीप भंगारात काढत होता, ती हिनं मागून घेतली, जवळजवळ फुकटातच.

मेहकर सोडलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. समृद्धी झाल्यापासून हा रस्ता ओस पडलाय. दोन्ही बाजूंना पिवळा पडलेला गहू, बांधावर पळस नुसता पेटलेला, आणि पुढं डांबरावर पाण्याचा भास. इंजिनाची एका सुरातली घरघर, अंगावर गरम वारा. गाडी वैशाली चालवत होती, मी तिच्या डावीकडं, आणि ज्योती मागच्या बाकावर पाय लांब करून घोरायला लागली होती. मलाही धड जाग नव्हती, धड झोप नव्हती... रस्ता आपणहून आमच्याखालून सरकतोय असं वाटत होतं. छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

"रागातच गेले असतीन का वं अण्णा?" वैशाली एकदम म्हणाली. "येवढंच मले कोनी सांगावं."

"मले काय माहीत? गेलेला मानूस काय राग संग नेते?" मी म्हटलं. अगदी बाईंना शोभेलसं उत्तर. मला स्वतःचाच राग आला.

केनवड फाट्यावर एका म्हातारीनं हात दाखवला आणि वैशालीनं ब्रेक मारला.

"अवं, रॅलीत हावो आपन!" ज्योती दचकून उठली.

"अण्णाची गाडी हाये. हात दाखवल्यावर थांबाच लागते."

म्हातारी मागं चढली. जालन्याकडची, जऊळक्याला लेकीकडं निघालेली, या भागात पहिल्यांदाच आलेली. "लई लांब चालत आले बाई, एकबी गाडी दिसंना," म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. ज्योती पुन्हा आडवी झाली.

फाटा मागं पडला आणि थोड्या वेळानं वैशालीचं कोपर माझ्या बरगडीत लागलं. मी सरकले. पुन्हा लागलं. बघते तर ती जवळजवळ गिअरवर आलेली. पलीकडं, तिच्या उजव्या हाताला, एक माणूस आरामात बसेल एवढी सीट रिकामी.

"जराक तिकडं सरक ना वं," मी म्हटलं.

"कुठं सरकू? जागा कुठं हाये?" ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. मग उजवा खांदा जरा हलवला. "खांदा भरून आला वं माहा. पन चांगलं वाटून राह्यलं."

मला वाटलं, ऊन लागलंय हिला. मालेगावला चहा घ्यायला थांबू म्हणाले, तर नको म्हणाली. चेहरा इतका शांत होता की मीही हट्ट धरला नाही.

जऊळका स्टेशनजवळ म्हातारी उतरली. पुढं आली, कनवटीची नोट काढून धरली. वैशालीनं हात जोडले, नको म्हणाली.

"माझं घेत नाईस ना, मंग ह्या बुवांचंबी घेऊ नगं," म्हातारी म्हणाली. "आन त्यांना जरा आत घे बाई, तिकडून दार नाई. झोपेत पडतील भाईर."

"कोन बुवा?" मी विचारलं.

म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं की मीच वेडी. "हे काय, हिच्या खांद्यावर डोकं टाकून पडल्यात. फाट्यावर मी चढले तवापून झोपल्यात की."

मी वाकून पाहिलं. सीट रिकामी. पलीकडं स्टेशनाचा रस्ता आणि ऊन. मला वाटलं वैशाली ओरडेल, खाली उडी मारेल. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. बुवा दिसायला कसे आहेत, कपडे काय आहेत, काही नाही. एवढंच विचारलं, "झोपले हायेत? खरंच झोपले हायेत, आजी?"

"गाढ," म्हातारी म्हणाली आणि पिशवी सावरत निघून गेली.

वैशालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "अण्णा दुसऱ्याच्या गाडीत कधीच डोये मिटत नव्हते. यस्टीतबी नाही. माह्या लग्नाआधी आमी सारे तुळजापूरले गेलो, पुरी रात ड्रायव्हरच्या मांगं जागत बसले. म्हनत, ज्याच्या हातावर भरोसा नाही त्याच्या गाडीत झोप कशी लागन?"

मी नंतर पुष्कळ डोकं चालवलं. म्हातारीची नजर म्हणाल तर उतरायच्या आधी तिनं लांबून दुकानाची पाटी वाचली होती. सावली म्हणाल तर ऊन डोक्यावर होतं. ज्योती झोपेत, तिला काही ठाऊक नाही. वैशालीच्या घरची गोष्ट त्या बाईला कळायचा काही संबंधच नव्हता. उन्हाचा भास म्हणावं, तर आमच्या दोघींना काही दिसलंच नाही, दिसलं ते तिसरीला.

शेलूबाजार, मंगरूळपीर, मानोरा... वैशालीनं गाडी इतकी हळू नेली की सायकलवालेही पुढं गेले. खड्डा दिसला की आधीच वेग कमी करायची. कोणी मागून हॉर्न मारला की चिडायची. मुक्कामाला पोहरादेवीत आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो, बाकीच्यांची जेवणंही झाली होती.

आणि मी? विज्ञानाची शिक्षिका, आयुष्यात असलं काही न मानणारी मी... जऊळक्यापासून पोहरादेवीपर्यंत कुजबुजत बोलत होते.