घोड्याला नाव आहे

अन्याय माझ्या बाबांवर झाला. कधी, तर मागच्या वर्षी रमजान लागायच्या आदल्या गुरुवारी, दुपारच्या जेवणाआधी. कुठे, तर शारजाच्या औद्योगिक भागात, वेल्डिंगचे रॉड बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीच्या रिसेप्शनवर. त्या दिवशी तिथं कंपनीच्या इतिहासाची, फोटोंनी भरलेली भिंत सगळ्यांना खुली झाली. निवृत्तीला टेकलेला जुना माणूस म्हणून बाबांना सहकुटुंब बोलावणं होतं. आई आणि मी सोबत गेलो.

इतिहास डावीकडून सुरू होतो. इंग्लंडमधली पत्र्याची शेड, तिच्यापुढे दोन भाऊ, मिशांसकट आणि नावांसकट. मग माल पोचवणाऱ्या गाडीचा घोडा. मग युद्ध, जहाजं, साहेबांची रांग. मग कंपनी विकली गेली, तर विकत घेणाऱ्यांचेही फोटो. शेवटी उजव्या कोपऱ्यात, झाडाच्या कुंडीमागे, आखात. उडणाऱ्या ठिणग्या, मास्क घातलेला एक माणूस आणि खाली दोन शब्द : स्थानिक वेल्डर.

"अगं, हे तर हे आहेत!" आई म्हणाली.

"कशावरून?"

"कोपर बघ की. जेवताना असंच काढतात, शेजारच्याच्या ताटात."

बाबा हसले. फोटो त्यांचाच होता. कंपनीचा नवा रॉड आला की वर्कशॉपमध्ये जाऊन तो चालवून दाखवायचा, हेच त्यांचं काम. पठाण असो की मल्याळी, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. फोटोवाला म्हणाला होता, मास्क वर करा, जरा हसा. बाबांनी साफ नकार दिला. रॉड पेटलेला असताना मास्क वर केला तर बघणारे तेच शिकतील. नियम कंपनीचाच, रॉडच्या खोक्यावर छापलेला.

मी चालत घोड्यापाशी परत गेले. घोड्याला नाव होतं.

पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायला शिकले. आधी अन्याय कोणावर, मग कधी, मग मागणी. इथं पत्रकं वाटायची सोय नाही, म्हणून कंपनीला मेल लिहिले. खूप लिहिले. शेवटी मार्केटिंगच्या बाईंचा फोन आला. मराठीच निघाल्या, अबुधाबीत अल रीम बेटावरच्या उंची टॉवरमध्ये राहणाऱ्या, बोलायला गोड.

"अगं, मास्क आहे ना. तोंडच दिसत नाही, तर व्हेरिफाय कसं करणार? हेड ऑफिसला प्रूफ लागतं."

"आणि घोड्याचं?"

"घोड्याचं तोंड दिसतंय, डिअर."

यंदा मजकूर बदलला. आता तिथं लिहिलंय : आमचा कुशल वेल्डर. एवढ्यासाठी वर्ष गेलं. खरं सांगते, राग आता नोकरीसारखा झालाय. सकाळी अंगावर चढवायचा, संध्याकाळी खुंटीला लावायचा.

घरी धाकटा भाऊ मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "डॅड, इट्स जस्ट अ कॅप्शन."

बाबा मला म्हणाले, "खलास. सोड आता तूही." मग टीव्हीचा आवाज कमी केला. "व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय, मग परत जायचं. त्याआधी नाव लागलं असतं, तर भिंतीपुढे उभं राहून एक फोटो काढला असता. मास्क वर करून."

आईने उगाच पाण्याचे ग्लास उचलले.

बाबांचं नाव मी इथं लिहिणार नाही. मी लिहिलं की कंपनी सुटली. ते त्या भिंतीवरच पाहिजे, आणि बाबा इथं असेपर्यंत पाहिजे.

तेव्हा तुम्ही जा. गाडी दुरुस्तीला त्या भागात नेताच ना? घोड्याची भिंत कुठली म्हणून विचारा, कोणीही दाखवेल. आत गेलात की ती कुंडी बाजूला सरकवा, फोटोवर बोट ठेवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, "हा कोण?" चहा विचारतील. नाव सांगेपर्यंत घेऊ नका.