भेंडाचे दोन गोळे

आज सकाळी कडबा तोडताना ज्वारीचा धांडा सोलला गेला, आतल्या पांढऱ्या, मऊ भेंडाचा कोरडा, गोडसर वास आला, आणि मी थेट जाफराबादच्या कॉलेजात, बारावीच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले.

भेंडाचे दोन गोळे मीच घरून करून नेले होते. सरांनी ते रेशमी दोऱ्यांनी टांगले आणि केसांवर घासलेला कंगवा दोन्हींना लावला. दोन्हींवर सारखाच चार्ज आला आणि गोळे एकमेकांपासून दूर सरले.

"जेवढा धक्का याला, तेवढाच उलटा त्याला," सर म्हणाले. "म्हणून दोघांचा मिळून मोमेंटम, म्हणजे संवेग, बदलत न्हाई."

"पण सर, दोन्ही चार्ज पळत असले, एक दुसऱ्याला आडवा, तर? मी गणित केलंय. धक्के बराबर उलटे येत न्हाईत. मंग उरलेला मोमेंटम गेला कुठं?"

"परीक्षेला न्हाई ते. जा, तुझी एसटी निघंल."

"जाऊ द्या. मी उत्तर घेऊनच जाणार."

सरांनी माझं गणित फळ्यावर मांडून पाहिलं. मग वळून म्हणाले, "मला बी ठाऊक न्हाई. बस, शोधू."

एसटी गेली. शेवटी एका जाड पुस्तकात सापडलं: तो मोमेंटम दोन चार्जच्या भोवतालच्या विद्युत-चुंबकीय फील्डमध्ये असतो. दिसत नाही, पण तो धरला की बेरीज जुळते, ऊर्जेचीही तशीच.

तेव्हा वाटलं होतं, मी जिंकले. आता त्याच फळ्यासमोर मी शिकवते, आणि सरांचे 'मला बी ठाऊक न्हाई' हे चार शब्द म्हणायला किती बळ लागतं ते कळतं. काल एका पोरीनं मला असंच अडवलं, तर मी विषय बदलला.

आज तिला आधी ते चार शब्द सांगणार, मग पुस्तकं काढणार. एसटी गेली तर जाऊ दे.