पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारची भेट

फारकतीचा खटला चालू असताना मी सात वर्षांच्या लेकीला घेऊन लोणारला माहेरी राहत होते. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी तिच्या बाबांनी तिला दोन तास भेटायचं, तेही कोर्टाच्याच व्हरांड्यात, असा आदेश होता. तिथं एकच बाक. समोरून पोलीस बेड्या घातलेले आरोपी न्यायचे आणि बापलेक खारे शेंगदाणे खात बसायचे. मी जिन्यापाशी उभी राहून नजर ठेवायचे. हा माणूस पोरीचे कान भरतो आहे, याची मला खात्रीच होती.

परतताना एसटीतच मी तिचं दप्तर उपसायचे. एकदा त्यात नवा फ्रॉक निघाला. काही मंतरलेलं शिवलं असेल म्हणून मी त्याची शिवणही उसवून पाहिली.

"काय म्हणले बाबा तुले?"

"काही नाही."

ते 'काही नाही' मला जास्तच खटकायचं.

मग कोर्टात नव्या समुपदेशक बाई आल्या. त्यांना पोरीशी एकटीशी बोलायचं होतं.

"मी बसतो ना बाजूले," मी म्हणाले.

"नाही ताई. तुम्ही बाहेर, हिचे बाबाही बाहेर."

बाई संग्रामपूरच्या, म्हणजे नवऱ्याच्याच भागातल्या. त्यानं यांना फितवलं असणार, असं माझ्या मनात आलं. मी बाईंच्या खोलीच्या मागच्या खिडकीशी गेले. तर तिथं तोच आधीपासून कान लावून उभा!

आत लेक सांगत होती, "आई इचारते बाबा काय म्हणले, बाबा इचारते आई काय म्हणली. मी दोघायलेही खोटंच सांगतो. खरं सांगतलं का भांडण होते."

"ऐकलं?" तो हळूच म्हणाला.

"हाव."

वर्षभरात आम्ही एकमेकांशी एवढंच बोललो.

बाईंनी न्यायाधीशांना अहवाल दिला. भेटी जवळच्या बालवाडीत होऊ लागल्या. भेटीबद्दल पोरीला काही विचारणार नाही, असं आम्हा दोघांकडून लिहून घेतलं. पुढे फारकत झाली. लेक माझ्याकडे राहिली, सुट्ट्यांत त्याच्याकडे जाऊ लागली.

संशय गेला, असं मी म्हणणार नाही. यंदा दिवाळीत ती फोनवर खूप हसत होती. खरंच हसते आहे, की तो बाजूला उभा आहे म्हणून, हेच मी ताडत राहिले. शेवटी "येळेवर जेवत जाय बाई," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.