शाल-नारळाचं तबक

धारगळचे निवृत्त प्राध्यापक सगुण मांद्रेकर यंदा घरून तापूनच निघाले. कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ नवख्या प्राध्यापकांना मार्गदर्शन करायला त्यांना दरवर्षी बोलवायचा. समई, शाल, नारळ, भाषणं, आभार यांतच संध्याकाळ व्हायची आणि मार्गदर्शन राहूनच जायचं.

"शाल घाला चुलीत!" दारातच ते अध्यक्षांवर उखडले. "मार्गदर्शनासाठी माझ्याकडे सोपवलेली ती पार्से गावची नवी प्राध्यापिका सत्यवती दाखवा. तिचा लेख वाचून आलोय. मुलगी कधी भेटतच नाही!"

"सर, आधी सत्कार," म्हणत अध्यक्षांनी त्यांना खुर्चीत बसवलंच. खांद्यावर शाल पडली. नारळाचं तबक पुढे करणारी तरुणी वाकून हळूच म्हणाली,

"सर, सत्यवती मीच. दर वर्सा तुमच्यासमोर तबक धरून मीच उभी आसतंय."